सोर हुआनाचा मृत्यू आणि आपले वाचन

साहित्याच्या वर्गांत सोर हुआना इनेस दे ला क्रूझची कहाणी बहुधा एकाच रीतीने संपवली जाते. धर्मसत्तेने मेक्सिकोच्या या विदुषी कवयित्रीला गप्प केले. तिने ग्रंथ सोडले. मठात साथ आली तेव्हा आजारी धर्मभगिनींची शुश्रूषा करताना तिला लागण झाली आणि १७ एप्रिल १६९५ रोजी ती गेली. शुश्रूषा म्हणजे जणू लेखणी हिरावल्याची खूण! या वाचनाला माझा विरोध आहे.

ऑक्ताव्हिओ पाझ यांच्या १९८२ च्या ग्रंथाने पराभवाचे हे चित्र ठळक केले. दबाव होता, हे निर्विवाद. १६९० मध्ये पुएब्लाच्या बिशपने तिला उपदेश केला, तोही ‘सोर फिलोतेआ’ हे स्त्रीनाव घेऊन. ‘सोर’ म्हणजे भगिनी. या तोतया भगिनीवर आपण पानेच्या पाने लिहितो. मग जिच्या उशाशी हुआना बसली, त्या खऱ्या भगिनींविषयी मौन का?

बिशपला १६९१ मध्ये दिलेल्या उत्तरात स्वयंपाक करतानाही निसर्गाची रहस्ये उलगडतात, असे तिने ठामपणे मांडले होते. चुलीपाशी ज्ञान शोधणारी बाई रुग्णाच्या खाटेपाशी येताच ज्ञानाला पारखी झाली, हे कोणी ठरवले? सेवा हा बाईचा स्वभावधर्मच मानला की तिची सेवा ही कृती उरत नाही, तिचा निर्णयही उरत नाही. तिचा आद्य चरित्रकार, जेझुइट दिएगो काय्येहा याने १७०० मध्ये या मृत्यूला पुण्याईची झळाळी दिली. आधुनिकांनी त्याला शरणागती म्हटले. दोघांनीही तिला एकटीच पाहिले.

ती स्वतः मात्र एकटी नव्हती. सान हेरोनिमो मठाच्या नोंदवहीत तिने आपल्या मृत्यूची तारीख लिहिण्यासाठी जागा सांगून ठेवली, आणि आज असलेल्या व पुढे येणाऱ्या भगिनींनी आपल्यासाठी प्रार्थना करावी, अशी विनवणी केली. आपली स्मृती तिने ना दरबाराच्या हाती दिली, ना समीक्षकांच्या; ती भगिनींच्या हाती सोपवली.

आज मेक्सिकोच्या शंभर पेसोंच्या नोटेवर तिची मुद्रा आहे. तिच्या आधी-नंतर त्याच साथीत गेलेल्यांची नावे आपल्या पाठ्यक्रमांत कुठेही नाहीत. हुआनाला खरोखर स्मरायचे असेल, तर नोंदवहीतले ते पान तिच्या कवितांइतक्याच गांभीर्याने शिकवावे लागेल. ते वगळून सांगितला जाणारा पराभव तिचा नव्हे, आपल्या वाचनाचा आहे.