बोलणे सोप्यात आणा!

दिवाळी अंक आले की परिसंवाद येतात, आणि परिसंवाद आले की 'सीमाभागातील मराठीचे भवितव्य' हा विषय येतो. दोष कधी सरकारला, कधी शाळांना, कधी नव्या पिढीला. असे लेख मीही लिहिले आहेत आणि मान डोलावणारे वाचकही मला भेटले आहेत. पण ज्या घरात बसून मी ते लेख लिहीत होतो, त्या घरातल्या मराठीचे काय चालले आहे याकडे माझे लक्ष गेले ते काही शे रुपयांच्या एका केबलमुळे. म्हणून यंदा दोष देण्यासाठी मी बाहेर जाणार नाही. वाचकहो, यंदाचे आरोपी तुम्ही-आम्हीच आहोत.

आमच्या घरचा देखावा सांगतो. तुमच्या घरचा याहून वेगळा असेल असे वाटत नाही. आई शहाऐंशी वर्षांची. तिचा धाकटा भाऊ इंदूरला, माझी मुलगी पुण्याला, पुतण्या अमेरिकेत. रविवारी संध्याकाळी व्हिडिओ कॉल येतो आणि फोन आरतीच्या तबकासारखा हातोहात फिरू लागतो. आईची पाळी येते. तिला दिसत नाही म्हणून ती फोन डोळ्यांशी नेते. मग पलीकडच्याला तिचे कपाळ आणि वरचा पंखा तेवढा दिसतो. "कशी आहेस?" "बरी आहे." "जेवलीस?" "जेवले." संपले! तबक पुढे. चार शब्दांत आई मोकळी झाली आणि आपणही कर्तव्यातून मोकळे झालो.

एके काळी ट्रंक कॉल लावून तासन्‌तास वाट पाहावी लागे आणि मिनिटांवर पैसे पडत. पुढे एसटीडीच्या पिवळ्या पाटीखाली उभे राहून मीटरच्या आकड्यांकडे बघत बोलावे लागे. तेव्हा आपण तोडून बोललो, त्यात नवल नव्हते. २०१६ साली डेटा स्वस्त झाला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात व्हॉट्सअ‍ॅपवर चेहरा बघत बोलण्याची सोय आली. बोलणे जवळजवळ फुकट झाले, आणि शब्द मात्र ट्रंक कॉलपेक्षा कमी झाले! याला काय म्हणावे?

माझे म्हणणे असे की, दोष फोनवर बोलण्याचा नाही. दोष बोलणे एका तळहातात कोंडण्याचा आहे. भाषा नुसती शिकवून येत नाही, ती कानावर पडून येते. आपली मुले शाळेत इंग्रजी शिकतात, बाजारात कन्नड बोलतात, आणि तसे झालेच पाहिजे. जिथे राहतो तिथली भाषा येऊ नये असे सांगणारा माणूस मुलांचा हितचिंतक नव्हे. पण मग मराठीच्या वाट्याला उरते घर. आणि घरात पोर मराठी शिकते ते त्याच्याशी कोणी मराठीत बोलले म्हणून तेवढे नव्हे, तर दोन मोठी माणसे आपापसात बोलत असताना ते कोपऱ्यात काहीतरी खेळत होते म्हणून. आपण सारे अशी चोरून ऐकलेली मराठी बोलतो. आत्या आणि आई माजघरात कुणाच्या तरी सोयरिकीबद्दल हलक्या आवाजात बोलत, तिथे आपले व्याकरण झाले. फोनने नेमके हे ऐकणे काढून घेतले. आता मामा आईच्या कानात बोलतो, मुलगी सुनेच्या कानात बोलते आणि पोराच्या कानात त्याची स्वतःची बोंडे असतात.

टीव्हीने घरातले बोलणे बंद पाडले असे आपण वर्षानुवर्षे म्हणत आलो, आणि ते खरेच होते. पण १९८७-८८ साली रविवारी सकाळी रामायण लागे तेव्हा ज्याच्याकडे टीव्ही त्याच्या सोप्यात गल्ली बसे, हेही खरे. ती पेटी माणसे एका खोलीत आणू शकते, फक्त तोंडे मिटवते. तर तिच्याकडूनच प्रायश्चित्त का घेऊ नये?

गेल्या वर्षी मुलगी सुट्टीला आली आणि तिने आपला लॅपटॉप केबलने टीव्हीला जोडला. इंदूरचा मामा ३२ इंची पडद्यावर आला. आईने चष्मा सारखा केला आणि पहिले वाक्य बोलली ते असे: "अरे, तुझे पुढचे दात कधी पडले?" तिकडून उत्तर, "दोन वर्षं झाली अक्का!" दोन वर्षे दर रविवारी ती भावाला 'बघत' होती, वाचकहो! त्या दिवशी ती सव्वा तास बोलली. माहेरच्या माजघरात टांगलेल्या शिंकाळ्यातले लोणी मांजराने कसे पाडले आणि मार मामाने कसा खाल्ला, हे निघाले. नातू खेळ सोडून वर बघू लागला. "आज्जी, शिंकाळं म्हणजे काय?" माझी सून धारवाडची, माहेर कन्नड, ती स्वयंपाकघरातून म्हणाली, "नेलुवु रे, नेलुवु!" मामा तिकडून म्हणाला, "आमच्या इथे छींका म्हणतात." एका वस्तूला तीन भाषा आल्या आणि वस्तू मात्र एकाही घरात उरलेली नाही. पण नातवाला शब्द मिळाला. तो कोणत्याही परिसंवादाने त्याला दिला नसता.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला: "खासगी काही राहणार की नाही?" अवश्य राहावे. सुनेला माहेरी मन मोकळे करायचे असेल तर तिने फोन घेऊन दार लावावे. तो तिचा हक्क आहे. टीव्हीवर लावाल तेव्हा पहिले वाक्य 'सगळे बसलो आहोत' हेच असावे, म्हणजे पलीकडचा सावध बोलेल. फोनचा पडदा टीव्हीवर घेत असाल तर येणारे निरोपही सगळ्यांना दिसतात, ते आधी बंद करावेत. दुसरा आक्षेप: "म्हातारी माणसे नुसती बघत बसतात." बसतात, कारण आपण त्यांना मागे बसवतो. आईची खुर्ची पुढे ठेवा.

तिसरा आक्षेप, "आम्हाला ते जमत नाही." हा आक्षेप नव्हे, आळस आहे. लॅपटॉप असेल तर एचडीएमआय केबल लावावी, रिमोटवरचे सोर्सचे बटण दाबून ती जागा निवडावी आणि लॅपटॉपमध्ये आवाज टीव्हीकडे वळवावा. लॅपटॉप टीव्हीच्या खाली, समोर स्टुलावर ठेवावा. कॅमेरा त्यातच असतो, तो बाजूला राहिला तर पलीकडच्याला आपला कान दिसतो. टीव्हीचा आवाज फार चढवू नये, नाहीतर तो परत माइकमध्ये शिरतो आणि पलीकडच्याला स्वतःचेच बोलणे घुमून ऐकू येते. फोनवरून करायचे तर बऱ्याच नव्या टीव्हींवर केबलशिवायही चित्र जाते. मात्र काही फोनांत चित्र टीव्हीवर आणि आवाज फोनातच राहतो, तेव्हा फोनचा स्पीकर लावावा. केबल आणण्याआधी दुकानात आपला फोन दाखवावा, कारण प्रत्येक फोनच्या चार्जिंगच्या जागेतून चित्र बाहेर पडतेच असे नाही. आणि फोन आडवा धरावा. उभ्या फोनचे चित्र टीव्हीच्या मधोमध एका पट्टीत उभे राहते.

चौथा आक्षेप कोणी तोंडाने बोलत नाही, पण खरा तोच: त्या वेळी मालिका असते. इथे मात्र माझ्याकडे युक्ती नाही. ज्या घराला मालिकेतल्या सासूचे पुढे काय झाले याची काळजी आहे आणि समोरच्या खुर्चीतल्या आजीचे मागे काय झाले हे ऐकायचे नाही, त्या घराने मराठीच्या भवितव्याची चिंता करू नये. ते भवितव्य तिथे ठरून गेले आहे.

मामा या श्रावणात गेला. सव्वा तासाच्या त्या पहिल्या बैठकीनंतर अकरा बैठका झाल्या. मी मोजल्या आहेत. त्याआधीच्या आठ वर्षांतल्या 'बरी आहे'ची मोजदाद मी करत नाही, करवत नाही. नातू परवा त्याच्या मित्राला मांजराची आणि लोण्याची गोष्ट सांगत होता. अर्धी कन्नडमध्ये, अर्धी मराठीत; शिंकाळे मात्र शिंकाळेच होते.

या दिवाळीत पाहुणे येतील, मुले घरी असतील, लॅपटॉपही घरात असेल. फराळाची ताटे मांडण्यापूर्वी ती केबल जोडा. भाषणे पुढच्या वर्षी करू.