शहाणा ग्राहक : पावलांचे पैसे

मुलांनो,

थंडीतल्या एका रविवारी मी कर्जतला ताईकडे गेलो होतो. भाचेबुवा आठवीत. त्यांनी बेत आधीच ठरवून ठेवला होता. "मामा, आज उंबरखिंड बघायची!" सकाळी कर्जत स्टेशनवर गरम गरम वडापाव खाल्ला आणि खोपोली लोकल पकडली. पळसदरी, केळवली, डोळवली, लौजी अशी स्टेशनं मोजत खोपोलीला उतरलो. तिथून पालीच्या रस्त्यानं रिक्षा आणि शेवटचा टप्पा पायी.

भाच्याच्या मनगटावर एक काळा पट्टा होता. मुंबईच्या काकानं वाढदिवसाला दिलेला. पावलं, नाडीचे ठोके, रात्रीची झोप असं सगळं तो मोजतो. पण त्याच्यावर ना काटे, ना आकडे. जे काही दिसायचं ते मोबाइलवर, ॲपमध्ये. आणि मोबाइल आईचा.

चालता चालता मी सहज विचारलं, "किती पावलं झाली रे?"

"नाही सांगता यायचं मामा. मी ॲप काढून टाकलंय."

"का बरं?"

"पैसे लागतात त्याला."

"अरे, पावलं तुझी, पाय तुझे, पट्टाही तुझा. मग पैसे कसले?"

भाचेबुवा गप्प. थोडं पुढं गेल्यावर मात्र हळूहळू सगळं बाहेर आलं. पट्टा आला तेव्हा 'पहिला महिना फुकट' असं लिहिलेलं होतं. पण फुकटच्या महिन्यासाठीही आधी बँकेचं खातं जोडा, अशी अट. यानं आईच्या मोबाइलवरून जोडलं. वाण्याचे पैसे तोच भरतो, त्यामुळे पिन त्याला पाठ. महिना संपल्यावर खात्यातून ३९९ रुपये गेल्याचा संदेश आला, तेव्हा तो घाबरला. बंद करायला गेला, पण बंद करायचं बटणच सापडेना. शेवटी त्यानं ॲपच काढून टाकलं.

"आता बंद झालं असेल ना मामा?"

"आईला सांगितलंस?"

त्यानं मान खाली घातली.

एवढ्यात आम्ही स्मारकापाशी पोहोचलो. इतिहास म्हटला की भाच्याला गप्प बसवत नाही. २ फेब्रुवारी १६६१. शाहिस्तेखानानं पाठवलेला कारतलबखान मोठी फौज घेऊन घाट उतरला आणि या अरुंद खिंडीत शिरला. आत येताना कुणी अडवलं नाही. खान मध्यावर आला आणि मग कळलं, की पुढची वाट शिवाजी महाराजांनी रोखलीय आणि मागचीही! दोन्ही बाजूंना रान, वर मावळे. शेवटी जवळचं सामान टाकून, शरण येऊन खानाला सुटका करून घ्यावी लागली.

"म्हणजे शिरायला सोपं, निघायला अवघड," मी म्हटलं. "तुझ्या पट्ट्याचंही तसंच झालंय की!"

तो हसला, पण फार वेळ नाही. परतीच्या लोकलमध्ये त्यानं स्वतःच ठरवलं, "आज आईला सांगतो."

संध्याकाळी ताईला त्यानं सगळं सांगितलं. मला वाटलं, आता फटाके फुटणार. पण ताई उठली आणि हिशेबाची वही घेऊन आली. ताई घरगुती डबे पुरवते. तिच्या वहीत पै न् पै लिहिलेली असते. तिनं पानं उलटली. दर महिन्याच्या सात तारखेला एक ओळ होती : 'बँकेनं कापले, कळत नाही – ३९९'. अशा पाच ओळी. ॲप काढून टाकल्यावरसुद्धा पैसे जातच होते. एकूण १,९९५ रुपये.

"मला वाटलं, बँकेचाच काही आकार असेल," ताई म्हणाली. "तू आधी सांगितलं असतंस तर एका महिन्यात थांबलं असतं रे."

बस्स, एवढंच. पण भाच्याचा चेहरा असा झाला, की त्यापेक्षा दोन धपाटे बरे!

मग आम्ही तिघं कामाला लागलो. ॲप पुन्हा घातलं. 'माझं खातं'मध्ये शिरलो, तिथून 'सदस्यत्व'. मग एक पान आलं : 'थांबा! पुढचे दोन महिने निम्म्या किमतीत!' ते ओलांडलं तर दुसरं : 'तुम्हाला तब्येतीची काळजी नाही का?' खाली मोठ्या हिरव्या बटणावर 'मी राहतो' आणि कोपऱ्यात करड्या, बारीक अक्षरात 'पुढे'. शेवटच्या पानावर काय होतं? 'सदस्यत्व बंद करण्यासाठी फोन करा. सोमवार ते शुक्रवार, १० ते ५.' आणि त्या दिवशी रविवार!

मुलांनो, आत शिरायला रात्री बारालाही दार उघडं, बाहेर पडायला मात्र कचेरीच्या वेळा. हा योगायोग नसतो. काही लोक मुद्दाम अशी रचना करतात. माणूस कंटाळून 'जाऊ दे, पुढच्या महिन्यात बघू' म्हणतो, आणि आणखी एक हप्ता जातो. रक्कमही अशी, की तिच्यासाठी कुणी भांडत बसणार नाही. पण असे हजारो कंटाळलेले ग्राहक असतील तर?

आता चांगली बातमी. आपल्या देशात या युक्तीला नियमात नाव मिळालेलं आहे. ३० नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं फसव्या रचनांविषयी मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. त्यांत अशा १३ युक्त्या सांगितल्या आहेत, आणि त्यांतली एक म्हणजे 'वर्गणीचा सापळा'. वर्गणी बंद करणं अशक्य किंवा लांबलचक करून ठेवणं, बंद करायचा पर्याय लपवणं, त्याच्या सूचना गोंधळाच्या ठेवणं, फुकट सेवेसाठीही आधी खातं जोडायला लावणं, हे सगळं त्यात येतं. ग्राहकाला लाजवून थांबवणं, म्हणजे ते 'तब्येतीची काळजी नाही का', हीसुद्धा त्या १३ मधली वेगळी युक्ती आहे!

ही गोष्ट फक्त आपल्याकडची नाही. अमेरिकेच्या सरकारी व्यापार आयोगानं २०२३ मध्ये ॲमेझॉन या बलाढ्य कंपनीवर दावा लावला. आयोगाचं म्हणणं असं, की तिची 'प्राइम' वर्गणी बंद करायला चार पानं, सहा वेळा बटण दाबणं आणि पंधरा पर्याय पार करावे लागत. आणि कंपनीच्या आत या वाटेला नाव काय होतं ठाऊक आहे? 'इलियड'! ट्रॉयच्या दहा वर्षं चाललेल्या युद्धावरचं होमरचं महाकाव्य! कंपनीनं चूक कबूल केली नाही, पण सप्टेंबर २०२५ मध्ये अडीच अब्ज डॉलर द्यायचं मान्य करून प्रकरण मिटवलं. त्यातले दीड अब्ज ग्राहकांना परत करण्यासाठी होते. जर्मनीनं तर १ जुलै २०२२ पासून कायदाच केला आहे. संकेतस्थळावर वर्गणी घेता येत असेल, तर ती बंद करायचं बटणही तिथंच, स्पष्ट दिसेल असं हवं.

म्हणजे मनगटावरचे सगळे पट्टे वाईट का? मुळीच नाही. काही पट्ट्यांचे, अंगठ्यांचे पैसे एकदाच द्यावे लागतात. मग त्यांचे आकडे तुमचे. आपल्या बंगळुरूची 'अल्ट्राह्यूमन' कंपनी तिची अंगठी महिन्याच्या वर्गणीशिवाय विकते. फिनलंडच्या 'औरा' कंपनीनं मात्र २०२१ साली आलेल्या तिसऱ्या पिढीच्या अंगठीपासून महिन्याची वर्गणी सुरू केली. ती भरली नाही तर अंगठी बोटात असूनही बरीच माहिती दिसत नाही. कंपनी हे आधी सांगत असेल तर तो तिचा व्यवहार झाला. पण विकत घेताना आपण नुसती वस्तूची किंमत बघतो. वर्षभराची वर्गणी तीत मिळवली की खरी किंमत कळते. ३९९ गुणिले बारा म्हणजे ४,७८८ रुपये!

आता जुन्या गोष्टी बघा. आपल्याकडे दुधाचा रतीब असतो. गावाला जायचं असेल तर आई दूधवाल्याला म्हणते, "उद्यापासून चार दिवस नको हं." संपलं. दूधवाला 'तुम्हाला तब्येतीची काळजी नाही का' असं विचारत नाही. ताईचे यजमान रोज कर्जतहून मुंबईला लोकलनं जातात. त्यांच्या पासावर शेवटची तारीख छापलेली असते. ती तारीख उलटली की पास संपला. पुढचा काढायचा की नाही, ते भावोजी ठरवतात, रेल्वे नाही. वर्गणी ही मुळात वाईट नाहीच. ती चालू ठेवायला आपल्याला विचारलं जातं, की बंद करायला आपणच धावाधाव करायची, हे बघायचं.

आम्ही पुढं काय केलं ते सांगतो, कारण तुमच्याही घरी कधी उपयोगी पडेल.

पहिलं काम पैशाचा नळ बंद करायचं. पैसे भरायच्या ॲपमध्ये 'ऑटोपे' नावाची एक जागा असते. आपल्या खात्यातून कोण कोण आपोआप पैसे घेतं, त्याची यादी तिथं मिळते. ताईनं स्वतः पिन घालून ती परवानगी रद्द केली. कंपनीचा फोन बंद असला तरी हे रविवारीसुद्धा करता आलं. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे असे पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी ग्राहकाला संदेश यावा लागतो. ताईला तो येत होता, पण इंग्रजी जाहिरातींच्या गर्दीत ती वाचतच नव्हती.

दुसरं काम कंपनीला लेखी कळवायचं. नळ बंद केला म्हणजे करार संपला असं नाही. ई-मेलनं 'सदस्यत्व आजपासून बंद करावे' असं कळवलं आणि त्या सगळ्या पानांची छायाचित्रं काढून ठेवली. पुरावा हवा ना!

तिसरं, सोमवारी ताईनं १९१५ हा क्रमांक फिरवला. ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. तिथं मराठीतही बोलता येतं. तक्रारीचा क्रमांक मिळाला, तो वहीत लिहिला. एवढ्यावर भागलं नसतं तर रायगड जिल्ह्याचा ग्राहक आयोग अलिबागला आहे. तक्रार ऑनलाइनही करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही.

काही दिवसांनी कंपनीचं उत्तर आलं. सदस्यत्व बंद झालं आणि शेवटच्या महिन्याचे ३९९ रुपये परत आले. आधीचे चार हप्ते? ते गेले. ताईनं वहीत लिहिलं : '१,५९६ – शिकवणी फी'!

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. १८ वर्षं पूर्ण होईपर्यंत तुम्हाला कायद्यानं करार करता येत नाही. म्हणून आईच्या मोबाइलवर तुम्ही 'मान्य' दाबता, तेव्हा पलीकडच्याला वाटतं, की आईनंच दाबलं. पिन पाठ असणं म्हणजे परवानगी असणं नव्हे. आणि चुकून दाबलं गेलंच, तर त्याच दिवशी सांगा. रागावणं पाच मिनिटं टिकतं, हप्ता दर महिन्याला येतो.

भाचेबुवा आता काय करतात? शाळेच्या मैदानाला फेऱ्या मारतात आणि बाबांच्या जुन्या घड्याळावर वेळ लावतात. मनगटावर दोन बोटं ठेवून अर्धा मिनिट नाडी मोजायची आणि दुप्पट करायची. हे यंत्र सगळ्यांकडे आहे आणि त्याला वर्गणी नाही! रोज दहा हजार पावलं झालीच पाहिजेत, हा हट्टही त्यानं सोडला. तो आकडा आला कुठून, तर १९६५ साली जपानमध्ये विकायला आलेल्या एका पावलं मोजणाऱ्या यंत्राच्या नावातून. त्या नावाचा अर्थच 'दहा हजार पावलं मोजणारं'. म्हणजे तीही एक जाहिरातच!

या आठवड्याचं काम : रविवारी आईबाबांबरोबर बसा. घरात कशाकशाचे पैसे आपोआप जातात त्याची यादी करा. गाणी, सिनेमे, खेळ, पट्टे, सगळं. प्रत्येकापुढं तीन गोष्टी लिहा : महिन्याला किती, गेल्या महिन्यात वापरलं का, आणि बंद करायचं बटण कुठं आहे. तिसरा रकाना भरता आला नाही, तर तिथं लाल खूण करा. आणि नवीन काही घेण्याआधी आईबाबांनाही हाच प्रश्न विचारायला लावा, 'यातून बाहेर पडायचं कसं?'

यादी करताना काही गंमत सापडली तर मला पत्रानं जरूर कळवा.

तुमचा,
ग्राहकमामा