पासबुक कुणाच्या हातात?

"पोरगं दोन वेळचं घालतंय, औषधाला पैसे देतंय. आणखी काय पाहिजे म्हातारीला?" वस्तीत तपासणीला गेले की हे वाक्य ऐकायला मिळतेच. आपल्या घरांत दोन वेळचे जेवण आणि औषध सुटत नाही, ही लहान गोष्ट नाही. पण म्हातारपणी माणूस समाधानी राहतो की नाही, ते तेवढ्यावर ठरत नाही.

मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये देशभरातल्या ४५ वर्षांवरील ७२ हजारांहून अधिक माणसांची पाहणी केली. रक्तदाब, दम यांच्याबरोबर आयुष्याबद्दल समाधानी आहात का, हेही विचारले. त्या माहितीवर झालेल्या अभ्यासांत एकटे राहणाऱ्यांचे समाधान कमी आढळले. माझा अनुभव असा की भरल्या घरातही माणूस एकटा पडतो. आपल्या शिरवळचेच बघा. मुलगा एमआयडीसीत रात्रपाळीला, सून पहिल्या पाळीला, नातवंडे मोबाईलमध्ये. आई दिवसभर उंबऱ्यावर.

मग घरचे म्हणतात, ती तिरसट झाली. अहो, तिला ऐकू येत नाही! चारदा "काय?" विचारल्यावर आपण ओरडतो, म्हणून ती बोलायचीच बंद होते. मोतीबिंदूचे ऑपरेशन सरकारी दवाखान्यात मोफत होते, तरी "आता या वयात कशाला" म्हणून दोन-दोन वर्षे ढकलतात. आणि एक गोष्ट बायका फक्त नर्सलाच सांगतात: रात्री लघवीला उठावे लागेल, अंधारात पडू, म्हणून संध्याकाळनंतर त्या पाणीच पीत नाहीत. पुढे चक्कर, लघवीची जळजळ, बद्धकोष्ठ. इथे गोळीच्या आधी संडासच्या वाटेवर एक दिवा आणि भिंतीला धरायला एक दांडी लागते.

आता पैशाचे. निराधार ज्येष्ठांना श्रावणबाळ योजनेतून महिना १,५०० रुपये मिळतात. पैसे आईच्या खात्यावर, पण पासबुक आणि एटीएम मुलाच्या खिशात. नातीला दहा रुपयांचा खाऊ द्यायलाही तिने हात पसरायचा. (मिश्रीला पैसे मागितले तर देऊ नका, त्यावर मीच भांडते.) स्वतःचे चार पैसे स्वतःच्या हाताने खर्च करणे हेही औषध आहे, असे मी मानते. पासबुक तिच्याकडेच राहू द्या. भांगलण करून, खडी वाहून बोटांच्या रेषा झिजल्या, त्यामुळे बँकेत अंगठा उठत नाही, अशी तक्रार नेहमीची. तेव्हा घरातल्या कुणीतरी अर्धा खाडा करून सोबत जायलाच हवे. आई-वडिलांना सांभाळतच नसतील, तर २००७ च्या कायद्याने प्रांताधिकाऱ्यांकडे पोटगी मागता येते. १४५६७ या मोफत क्रमांकावर सल्लाही मिळतो.

शिरवळच्या जवळच नायगाव, सावित्रीमाईंचे जन्मगाव. १८९७ साली प्लेगच्या साथीत रुग्णांची सेवा करता करता त्या गेल्या, तेव्हा त्यांचे वय ६६ होते. आज आपण ६६ वर्षांच्या बाईला म्हणतो, "आता गप पडून राहा." तिला विचारून एक तरी काम होते का घरात? लग्न ठरवताना, घराची डागडुजी काढताना तिचे मत घेतो का? माणसाला आराम हवा असतो, पण अडगळ व्हायचे नसते.

विहारातही हेच. १९५६ ची दीक्षा ज्यांना लहानपणची का होईना आठवते, ती माणसे आता पंचाहत्तरीच्या पुढे आहेत. वर्षावासात ग्रंथवाचन चालते तेव्हा ती घरीच बसलेली असतात, कारण गुडघ्यांमुळे खाली बसता येत नाही. यंदा वाचनाच्या शेवटी रोज दहा मिनिटे त्यांना बोलू द्या, आणि आषाढी पौर्णिमेच्या आधी वर्गणी काढून दहा खुर्च्या आणा. प्लास्टिकच्या चालतील, पण हातवाल्या घ्या. बिनहाताच्या खुर्चीतून गुडघे धरलेल्या बाईला उठता येत नाही.