पूल पाडण्याआधी हिशोब करा!

पूल खिळखिळा झाला की पाडा आणि नवा बांधा, हा आपल्याकडचा सोपा सरकारी मार्ग. ठेकेदार खूश, पुढारी फीत कापायला हजर! पण एक टन सिमेंट तयार होताना अर्ध्या टनाहून अधिक कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, त्याचा जाब कोण देणार?

स्वित्झर्लंडमधील शियोनच्या महामार्गावरील पुलांचे काँक्रीट कमजोर होऊ लागले होते. ते पाडले नाहीत. २०१४-१५ मध्ये त्यांवर पोलादी तंतूंच्या अतिमजबूत काँक्रीटचा जेमतेम ४-५ सेंटीमीटरचा थर दिला. अशा काँक्रीटच्या घनमीटरला साध्यापेक्षा दुपटीने सिमेंट लागते, हे खरे. पण थर पातळ आणि जुना पूल शाबूत! शिवाय सिमेंटचा काही भाग स्लॅग किंवा चुनखडीच्या भुकटीने बदलता येतो.

मग अडते कुठे? निविदेत. तेथे सर्वात कमी दर जिंकतो. पुलाचे वाढणारे आयुष्य आणि कार्बनचा हिशोब या दोन अटी निविदेत बंधनकारक झाल्याच पाहिजेत. कारण वाढत्या तापमानाची पहिली झळ वातानुकूलित कार्यालयाला नव्हे, उन्हात राबणाऱ्या मजुराला बसते.