पहिलें घर आणि करारनाम्यावरचीं नांवें

‘घर पाहावें बांधून’ ही म्हण ज्या काळीं रूढ झाली, त्या काळीं घरधन्यास चुना, विटा आणि गवंडी यांची चिंता असे. आज शहरांतील सुशिक्षित कुटुंब घर बांधीत नाहीं, विकत घेतें. आणि त्याची चिंता मुख्यतः कागदांची असते. जागा कोठें घ्यावी, खोल्या किती असाव्यात, देवघर कोणत्या दिशेस असावें, यांवर घरोघर महिनेच्या महिने चर्चा चालते. परंतु खरेदीदार म्हणून कोणाचीं नांवें घालावयाचीं, हा प्रश्न बहुधा नोंदणीच्या आदल्या दिवशीं घाईघाईनें सोडविला जातो. एकत्र कुटुंबांत पैसा अनेकांचा आणि नांव एकाचें, अशी स्थिति वारंवार येत असल्यामुळें या वेळीं त्याच प्रश्नाचा विचार करूं.

प्रथम हिशेब पाहूं. समजा, पुण्यांत बांधकाम चालू असलेल्या इमारतींत ८० लाख रुपयांची सदनिका ठरली. तिजवर मुद्रांक शुल्क व त्यासोबतचे अधिभार मिळून ७ टक्के, म्हणजे ५ लाख ६० हजार. नोंदणी फी ३० हजार. आणि इमारत अपुरी असल्यामुळें वस्तु व सेवा कर ५ टक्के, म्हणजे ४ लाख. एकंदर खर्च ९० लाखांच्या घरांत जातो. यांपैकीं ५० लाखांचें कर्ज थोरला मुलगा काढतो. उरलेल्या ४० लाखांत २५ लाख वडील आपल्या निवृत्तीच्या रकमेंतून देतात, ८ लाख सूनबाई आपल्या नोकरीच्या शिलकेंतून घालते, आणि ७ लाख धाकटा भाऊ देतो.

कर्जाविषयीं एवढेंच सांगावयाचें, कीं मुदत लांबविल्यानें हप्ता हलका होतो, पण कर्ज जड होतें. साडेआठ टक्के व्याज धरल्यास ५० लाखांस २० वर्षांच्या मुदतींत दरमहा सुमारें ४३,४०० रुपये पडतात, आणि अखेरपर्यंत व्याजच ५४ लाखांवर जातें. तेंच कर्ज १५ वर्षांत फेडल्यास हप्ता सुमारें ४९,२०० होतो. व्याज मात्र साडेअडतीस लाखांच्या आसपास राहतें. महिन्याकांठीं सहा हजारांची ओढ सोसल्यास पंधरा लाख वांचतात, हें संसारी माणसानें लक्षांत ठेवावें.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. हप्ता ज्याच्या पगारांतून जावयाचा, त्याचेंच नांव करारनाम्यावर घालावें, असें कामाच्या ओघांत ठरून जातें. घरांत कोणाचा कोणावर अविश्वास नसतो. आणि अविश्वास आहेसें दिसेल, या भीतीनें कोणी बोलतहि नाहीं. पण कायदा मनांतला विश्वास वाचीत नाहीं, कागद वाचतो. १९५६ च्या हिंदु वारसा कायद्याप्रमाणें, मृत्युपत्र न करितां पुरुष निवर्तला तर त्याची मिळकत पत्नी, मुलें आणि आई यांच्याकडे सारख्या वांट्यानें जाते. वडील आणि भाऊ हे त्या पहिल्या वर्गांतील वारस नाहींत. म्हणजे दुर्दैवानें थोरल्या मुलावर कांहीं प्रसंग ओढवल्यास, ज्यांनीं २५ लाख दिले त्या वडिलांची त्या घराच्या एका विटेवरहि मालकी राहत नाहीं. सूनबाईस वारसा मिळेल. पण तिनें स्वतः घातलेल्या ८ लाखांची नोंद कोठेंच नसेल. धाकट्या भावाच्या हातीं तर बँकेच्या पुस्तकांतील एका ओळीखेरीज कांहींच उरणार नाहीं.

यासाठीं पैसे देणाऱ्या प्रत्येकानें आधींच ठरवावें, कीं आपण देतों ती देणगी, उसनी रक्कम कीं वांटा? देणगी असल्यास तसें दोन ओळींत लिहून द्यावें, म्हणजे मागाहून भावंडांत कुरबुर नको. उसनी असल्यास रक्कम बँकेमार्फत द्यावी, आणि परतफेडीची मुदत लिहून ठेवावी. वांटा असल्यास मात्र नांव करारनाम्यांत आलेंच पाहिजे, आणि हिस्सेहि स्पष्ट लिहिले पाहिजेत. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यांत असें आहे, कीं निराळा करार नसल्यास सहमालकांचे हिस्से त्यांनीं घातलेल्या पैशांच्या प्रमाणांत धरावे. आणि कोणी किती घातले याचा पुरावा नसल्यास ते समान मानावे. पुरावा ठेवण्याचा कंटाळा किती महाग पडतो, तें यावरून ध्यानांत येईल.

येथें कांहीं गैरसमजांचा उल्लेख करणें अवश्य आहे. कर्जाच्या कागदावर सहकर्जदार म्हणून सही केल्यानें कोणी मालक होत नाहीं. पूर्ण कर्जाची जबाबदारी मात्र अंगावर येते. गृहसंस्थेकडे नामनिर्देशन केलें म्हणजे वारस ठरला, हीहि समजूत चुकीची आहे. नामनिर्देशित व्यक्ति खऱ्या वारसांच्या वतीनें मिळकत सांभाळते, एवढेंच. वारसा ठरवावयाचा तर मृत्युपत्र पाहिजे. त्यास मुद्रांक लागत नाहीं, नोंदणी सक्तीची नाहीं, दोन साक्षीदार मात्र हवेत. महाराष्ट्रांत २०२१ पासून केवळ स्त्रियांच्या नांवें निवासी घर घेतल्यास मुद्रांक शुल्कांत एक टक्क्याची सूट आहे. आपल्या उदाहरणांत ती ८० हजार होते. घर खरोखर सुनेचें व्हावें अशी इच्छा असेल तर ती अवश्य घ्यावी. परंतु केवळ सुटीसाठीं तिचें नांव घालून मनांत मालकी दुसऱ्याची धरूं नये.

पैसा उभा करण्यासाठीं गांवचा वाडा विकावयाचा असेल, तर आणखी एक गोष्ट पाहावी. वडिलोपार्जित मिळकतींत २००५ च्या दुरुस्तीनें मुलीस मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला आहे, आणि सर्वोच्च न्यायालयानें २०२० सालीं तो अधिक स्पष्ट केला आहे. म्हणून सासरीं नांदणाऱ्या लेकीची नुसती सही मागूं नये. तिचा हिस्सा तिला विचारावा.

विक्रेत्याचे कागदहि तितक्याच काळजीनें तपासावे. नव्या इमारतीची महारेरांतील नोंदणी संकेतस्थळावर पाहावी. २०१६ च्या कायद्यान्वयें करारनामा नोंदविण्यापूर्वीं बांधकाम व्यावसायिकास किंमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेतां येत नाहीं. किंमत चटईक्षेत्रावर ठरवावी. त्यांत खोल्यांमधल्या भिंती धरतात, बाहेरच्या भिंती व सज्जा धरीत नाहींत. जमिनीच्या मालकीचा ३० वर्षांचा शोध वकिलाकडून घ्यावा, आणि भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यावांचून राहावयास जाऊं नये.

हें सर्व नोंदणीच्या निदान महिनाभर आधीं, लेकी-सुनांसह सर्वांनीं एकत्र बसून ठरवावें. मात्र हा विषय सून काढूं शकत नाहीं, कारण तिला आपमतलबी म्हणतील. धाकटा भाऊ काढूं शकत नाहीं, कारण तो हिशेबी ठरेल. तो घरांतील सर्वांत वडील माणसानेंच काढावा. त्यांनीं वहींत पहिली रक्कम स्वतःची लिहिली, म्हणजे इतरांस आपली लिहिण्यास संकोच वाटणार नाहीं.