जटायूच्या कुळाची गोष्ट

आज रामनवमी. कीर्तनात जटायूचा पंख तुटतो तेव्हा श्रोत्यांचे डोळे पाणावतात, हे आम्ही वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत. परंतु त्याच जटायूचे कुळ डोळ्यांदेखत नाहीसे होऊ लागले, तेव्हा आपणांपैकी फार थोडे हळहळले.

१९९२ ते २००७ या काळात भारतातील पांढऱ्या पाठीची गिधाडे हजारांत एक उरावे इतकी घटली. त्यांची शिकार कोणी केली नव्हती. गुरांच्या वेदनेवर डायक्लोफेनॅक हे औषध दिले जाई. ते पोटात असता जनावर दगावले की त्याचे मांस खाणाऱ्या गिधाडाची मूत्रपिंडे निकामी होत. कारण २००४ साली उमगले आणि २००६ साली गुरांसाठी त्या औषधावर बंदी आली. तोवर उघड्यावरील मढ्यांवर मोकाट कुत्री पोसली गेली, पिसाळलेल्या कुत्र्यांचे भय वाढले. मुंबईच्या पारशी बांधवांची अंत्यविधीची परंपराही अडचणीत आली.

औषध दिले ते करुणेनेच. चुकले ते इतकेच की, गुरापुढची साखळी कोणी पाहिली नाही. सृष्टीत प्रत्येक जीव दुसऱ्याच्या आधाराने उभा असतो. एकास लागलेला धक्का दूरवर आणि विलंबाने जाणवतो. गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडे घालते. म्हणून ही तूट लवकर भरून निघणारी नाही.

मेलॉक्सिकॅम हे गिधाडांस निर्धोक औषध उपलब्ध आहे. गोठ्यात तेच मागावे, माणसांच्या औषधाची कुपी गुरांसाठी वापरू नये, एवढी आमची विनंती आहे. जटायूचे ऋण फेडण्यास आज इतके केले तरी पुष्कळ होईल.