सामना जिंकला, घोटा गेला

परवा रात्री साडेआठच्या सुमारास, दवाखाना आटोपत आला असताना, नववीतली एक मुलगी दोन मैत्रिणींच्या खांद्यांवर हात टाकून लंगडत आत आली. अंगात शाळेचा निळा टी-शर्ट, पाठीवर ७ नंबर आणि उजव्या पायाला घोट्यापासून पोटरीपर्यंत करकचून गुंडाळलेली क्रेप पट्टी. पट्टी सोडली तर घोट्याची बाहेरची बाजू कैरीएवढी सुजलेली व काळीनिळी पडलेली. कधी लागलं, असे विचारले तेव्हा म्हणाली, "सकाळी, पहिल्या मॅचला." त्यानंतर ती आणखी दोन सामने खेळली होती! मधल्या वेळात कुणीतरी तिला वेदनाशामक गोळी दिली, कुणीतरी गरम तेल चोळून दिले. अंतिम सामन्यात तोच पाय पुन्हा मुरगळला. "पण डॉक्टर, आम्ही जिंकलो," असे सांगताना तिच्या डोळ्यांत पाणी होते. ते दुखण्याचे होते की आनंदाचे, हे मला ठरवता आले नाही.

मागोमाग वडील आले. त्यांचा पहिलाच प्रश्न असा, "डॉक्टरसाहेब, दहा दिवसांनी विभागीय स्पर्धा आहे. एखादं इंजेक्शन देऊन उभी राहील ना?"

क्ष-किरण फोटोत हाड शाबूत निघाले, पण घोट्याच्या बाहेरचा लिगामेंट, म्हणजे हाडाला हाड बांधून ठेवणारा पट्टा, चांगलाच फाटलेला होता. सकाळी पहिल्यांदा पाय मुरगळला तेव्हाच तिला बाहेर बसवून बर्फ लावला असता आणि पाय उंच ठेवला असता, तर बहुधा दोन-तीन आठवड्यांत ती मैदानावर दिसली असती. आता दीड-दोन महिने तरी लागतील. ताज्या सुजेवर गरम तेल चोळले की आतला रक्तस्राव वाढतो. आणि गोळीने दुखणे झाकले गेले, तरी फाटलेला पट्टा काही शिवला जात नाही. थांब, असे सांगणारा शरीराचा आवाज तेवढा बंद होतो.

वडिलांचा मला राग आला नाही. शालेय क्रीडा स्पर्धांमध्ये मिळणारे प्रमाणपत्र हा आता कागदाचा तुकडा राहिलेला नाही. दहावी-बारावीला सवलतीचे क्रीडा गुण आहेत. पुढे शासकीय नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. जिल्हा, मग विभाग, मग राज्य, आणि त्यानंतर भारतीय शालेय क्रीडा महासंघाची राष्ट्रीय स्पर्धा अशी ही शिडी. दोन एकर कोरडवाहू जमीन असलेल्या माणसाला ती शिडी दिसते. मुलीचा घोटा त्याला दिसत नाही, असे नव्हे. पण घोटा बरा होईल आणि संधी पुन्हा येणार नाही, असा त्याचा हिशेब असतो. हा हिशेब चुकीचा आहे, हे त्याला कुणी सांगितलेलेच नसते.

माझे म्हणणे आहे ते या स्पर्धा चालवणाऱ्या व्यवस्थेबद्दल. नियमांची आपल्याकडे वाण नाही. जन्मतारखेचा दाखला हवा, मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्याचे ओळखपत्र हवे, प्रवेशिका ठरल्या दिवसाच्या आत हवी. १४, १७ आणि १९ वर्षांखालील असे वयोगट काटेकोर ठरलेले आहेत. तक्रार कशी करावी, याचाही नियम सापडेल. पण एका मुलीला एका दिवसात किती सामने खेळवावेत? दोन सामन्यांच्या मध्ये किती विश्रांती हवी? पाय मुरगळलेल्या मुलीला परत मैदानात पाठवायचे की नाही, हे कुणी ठरवायचे? गावोगावच्या मैदानांवर या प्रश्नांची उत्तरे शिक्षकाच्या आणि त्या दिवसाच्या मर्जीवर सोडलेली मी पाहिली आहेत.

बास्केटबॉलचेच उदाहरण घेऊ. मोठ्यांचा पूर्ण सामना १० मिनिटांच्या चार डावांचा, म्हणजे खेळाची ४० मिनिटे. शाळांच्या स्पर्धेत वेळ कापून घेतात हे खरे. पण बाद पद्धतीने सकाळी सुरू झालेली स्पर्धा संध्याकाळपर्यंत 'उरकायची' असते. मैदान एकच, पंच मोजके, शिक्षकांना शाळेतून एका दिवसाचीच सुटी आणि दुसऱ्या दिवशी त्याच मैदानावर दुसरा वयोगट. म्हणजे जो संघ सर्वांत चांगला, तोच सर्वांत जास्त दमणार. या खेळात धावणे, एकदम थांबणे, वळणे आणि उडी मारून एका पायावर उतरणे हे सारखे चालू असते. पायाचे स्नायू थकले की ते घोट्याला आणि गुडघ्याला सांभाळू शकत नाहीत. त्यातून आपल्याकडे या स्पर्धा भर पावसाळ्यात. उघड्या सिमेंटच्या कोर्टावर कडेला शेवाळ धरलेले असते. ते खरवडायला कुणी आलेले मी तरी पाहिलेले नाही.

मुलींच्या बाबतीत दोन गोष्टी अधिक सांगायच्या आहेत. वयात आल्यानंतर उडी मारून उतरताना त्यांचे गुडघे आतल्या बाजूला वळण्याची प्रवृत्ती असते. त्यामुळे गुडघ्याच्या आतला लिगामेंट तुटण्याचे प्रमाण याच खेळात मुलांपेक्षा मुलींमध्ये दोन ते चार पटींनी अधिक आढळते. कसे उतरावे, गुडघे वाकवून पंजावर वजन कसे घ्यावे, हे रोज १०-१५ मिनिटे शिकवले तर ही दुखापत बऱ्याच अंशी टळते. त्याला पैसा लागत नाही. दुसरी गोष्ट पाण्याची. या मुली दिवसभर पाणीच पीत नाहीत! का, असे विचारले तर आधी खाली बघतात, मग हळूच सांगतात की मैदानावर जाण्यासारखी मोरी नाही. पाण्याविना, उपाशीपोटी, वर वेदनाशामक गोळी घेऊन उन्हात तीन सामने म्हणजे मूत्रपिंडांवर केवढा भार, हे ती गोळी देणाऱ्याला ठाऊक नसते.

आणि रक्त? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या १०० मुलींपैकी ५९ जणींच्या अंगात रक्त कमी आढळले. परवाच्या मुलीचे हिमोग्लोबिन ९ भरले. "शेवटच्या डावात दम लागतो," असे ती महिनाभर सांगत होती म्हणे. शिक्षकांनी तिला पळण्याच्या चार फेऱ्या वाढवून दिल्या.

आता एक कबुली देतो. दरवर्षी स्पर्धांचा मोसम सुरू झाला की एखादे क्रीडाशिक्षक दवाखान्यात कागदांचा गठ्ठा घेऊन येतात. 'सदर विद्यार्थी खेळण्यास शारीरिकदृष्ट्या सक्षम आहे' अशी छापील ओळ, खाली माझ्या सहीची जागा. बरोबर एकही मूल नसते. बाहेर रुग्णांची रांग असते, शिक्षक ओळखीचे असतात, आणि बस साडेपाचची असते. मी अशा सह्या केल्या आहेत. एकदा नव्हे, अनेकदा. ७ नंबरच्या या मुलीच्या कागदावरही बहुतेक माझीच सही असावी. मी शोधले नाही, शोधायचे धाडस झाले नाही.

या खेळाचा जन्म ज्या देशात झाला, तिथे काय करतात ते पाहण्यासारखे आहे. १८९१ च्या हिवाळ्यात अमेरिकेतल्या स्प्रिंगफिल्ड गावी जेम्स नेस्मिथ या व्यायामशिक्षकाने बाहेर बर्फ पडत असताना पोरांना आत गुंतवून ठेवण्यासाठी भिंतीला फळांच्या करंड्या टांगल्या आणि १३ नियम लिहून काढले. हे गृहस्थ पुढे १८९८ मध्ये रीतसर वैद्यकीय पदवी घेऊन डॉक्टर झाले. (आम्हा डॉक्टरमंडळींना अभिमान वाटावा अशी ही एक गोष्ट.) तिथे शालेय बास्केटबॉलचे वेड म्हणजे इंडियाना राज्याचे. १९११ पासून तिथे राज्य अजिंक्यपद भरते. १९५४ साली मायलन नावाच्या खेड्यातल्या, जेमतेम १६१ विद्यार्थ्यांच्या शाळेने मोठ्या शहरातल्या शाळेला ३२-३० असे हरवले, ते तिथले लोक अजून सांगतात. १९९७ पर्यंत लहानमोठ्या सगळ्या शाळा एकाच स्पर्धेत खेळत. त्यानंतर विद्यार्थिसंख्येनुसार गट पाडले, तर लोक एवढे चिडले की जणू गावची जत्राच बंद केली.

पण सांगायचा मुद्दा निराळा. तिथला कारभार शाळांनीच मिळून स्थापन केलेल्या राज्य संघटनेकडे असतो. सराव कोणत्या तारखेपासून सुरू करायचा आणि मोसमात जास्तीत जास्त किती सामने खेळायचे, हे ती ठरवते. दरवर्षी सरावाच्या पहिल्या दिवसाआधी डॉक्टरांनी प्रत्यक्ष तपासल्याचा कागद हवा, नाहीतर मुलाला मैदानात पाऊल टाकता येत नाही. डोक्याला मार लागलेल्या मुलाला त्याच दिवशी पुन्हा खेळवायचे नाही आणि वैद्यकीय परवानगीशिवाय परत घ्यायचे नाही, असा कायदा २००९ मध्ये वॉशिंग्टन राज्याने पहिल्यांदा केला. २०१४ पर्यंत तो या ना त्या स्वरूपात पन्नासही राज्यांत झाला. म्हणजे शिक्षकाची मर्जी, बापाची इच्छा आणि पोराची हौस या तिन्हींच्या वर एक नियम बसवला. तिथे सगळे सोन्याचे आहे असे मात्र समजू नये. शाळेचा मोसम संपला की तीच मुले खासगी क्लबांकडून शनिवार-रविवारी चार-चार सामने खेळतात, आणि तिथले हाडांचे डॉक्टर त्याबद्दल आपल्यासारखेच कपाळाला हात लावतात.

वयाच्या घोळाबद्दल लिहिल्याशिवाय हा विषय पुरा होणार नाही. १४ वर्षांखालच्या गटात मिसरूड फुटलेले खेळाडू आपण सगळ्यांनीच पाहिले आहेत. केंद्राच्या क्रीडा मंत्रालयाने २०१० मध्ये वयचोरीविरुद्ध नियमावली काढली, मनगटाचा फोटो काढून हाडांचे वय पाहण्याची पद्धत आली. वाढत्या वयात हाडांच्या टोकांशी कूर्चेच्या फटी असतात. त्या किती भरल्या, यावरून अंदाज बांधतात. पण तो अंदाजच. एकाच दिवशी जन्मलेल्या दोन मुलांच्या हाडांच्या वयात एक-दोन वर्षांचा फरक पडू शकतो. तेव्हा लवकर वाढलेल्या प्रामाणिक पोरावर अन्याय व्हायचा आणि खोटा दाखला आणणारा सुटायचा, असेही घडते. लोक याकडे प्रामाणिकपणाचा प्रश्न म्हणून पाहतात. मला दिसतो तो १७ वर्षांचा, ६५ किलोंचा मुलगा रिंगखाली ३५ किलोंच्या पोरावर आदळताना. दाखल्यावर वय कमी करून मागायला माझ्याकडेही पालक येतात. तिथे मात्र मी सही केलेली नाही.

जिल्हा क्रीडा कार्यालयातल्या मंडळींना सगळा दोष देणे सोपे आहे. पण तिथे माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आणि खेळ डझनावारी. त्यांच्याकडे डॉक्टर मागितला तर ते तालुक्याच्या आरोग्य केंद्राकडे बोट दाखवतील, आणि आरोग्य केंद्रात आधीच एकाच डॉक्टरवर बाळंतपणे, सर्पदंश आणि लसीकरण. म्हणून मी फार मोठे काही मागत नाही. एका संघाला दिवसात दोनापेक्षा जास्त सामने नकोत, आणि त्या दोहोंत निदान तीन तासांचे अंतर हवे. उपांत्य व अंतिम सामने दुसऱ्या दिवशी घ्या. एक दिवसाचा भत्ता वाढेल, तो वाढू द्या. मैदानावर बर्फाची पेटी, पिण्याचे पाणी आणि मुलींसाठी कडी लागणारी मोरी असावी. ज्याच्या अंगावर खेळाचा पोशाख नाही आणि ज्याला सामन्याच्या निकालात रस नाही, असा एक माणूस असावा, मग तो कंपाउंडर असो की आरोग्यसेविका. त्याने 'बस' म्हटले की मुलगी बसली पाहिजे. आपल्या जिल्हा क्रीडा परिषदेचे अध्यक्ष खुद्द जिल्हाधिकारी असतात. एवढे नियम एका बैठकीत होण्यासारखे आहेत.

क्वचित, पण घडले तर जीवावर बेतणारी एक गोष्ट म्हणजे हृदय. काही मुलांच्या हृदयाचा स्नायू जन्मजात जाड असतो. एरवी काही जाणवत नाही, आणि ऐन खेळात ठोके बिघडून मूल कोसळते. यंत्रे नसली तरी तीन प्रश्न विचारता येतात. पळताना कधी चक्कर येऊन पडलास का? खेळताना छातीत दुखते का? घरात कुणी पन्नाशीच्या आत अचानक गेले का? एकाचेही उत्तर हो आले तर हृदयाचा आलेख आणि सोनोग्राफी होईपर्यंत खेळ बंद. आणि मैदानावर मूल कोसळून श्वास थांबला तर तोंडावर पाणी मारत बसू नये, कांदा हुंगवू नये. १०८ ला फोन लावायला एकाला पाठवावे. दुसऱ्याने छातीच्या मधोमध दोन्ही तळहातांनी मिनिटाला १०० ते १२० या वेगाने, सुमारे पाच सेंटिमीटर खोल दाब द्यायला सुरुवात करावी आणि मदत येईपर्यंत थांबू नये. प्रत्येक क्रीडाशिक्षकाला हे यायला हवे. शिकायला एक दुपार पुरते.

त्या मुलीच्या वडिलांना मी इंजेक्शन दिले नाही. बराच वेळ बसून बोललो. ते फारसे पटल्यासारखे दिसले नाहीत, पण मुलीला घेऊन मुकाट्याने गेले. संघ तिच्याविना विभागीय स्पर्धेला जाणार आहे. तिला पट्टा, लोहाच्या गोळ्या आणि तिसऱ्या आठवड्यापासून करायचे व्यायाम लिहून दिले आहेत. एका पायावर न डगमगता अर्धा मिनिट उभे राहता आले आणि त्याच पायावर दहा उड्या न दुखता मारता आल्या, की मग चेंडू हातात घ्यायचा, असे ठरले आहे.

गठ्ठा घेऊन येणाऱ्या क्रीडाशिक्षकांसाठी हे इथेच सांगून ठेवतो. यापुढे कागद एकटे आणू नका, मुलांना घेऊन या. सोमवारी दुपारी दोन ते चार दवाखाना रिकामा असतो. बारा मुलांच्या संघाला दोन तास पुरतात, आणि तपासणीचे पैसे मी घेणार नाही.